फुटामागं दोन सूत

श्रीमंतची तिपटी अख्ख्या पुणतांब्याला माहीत होती. लोखंड कापायच्या करवतीची दोन जुनी पाती घासून वीस वर्षांपूर्वी त्याने ती घरीच बनवली होती. दोन्ही पात्यांना भोक पाडून एकच रिबीट ठोकलेलं. आखूड टोकं नमुन्यावर टेकवली की पलीकडची लांब टोकं आपोआप तिप्पट उघडायची. दोन फुटी नमुना दाराएवढा मोठा करायला दुसरं काही लागत नसे.

फक्त ते भोक पाडताना जरा चुकलं होतं. तिपटी फुटामागे दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त देई. श्रीमंतला हे पहिल्याच महिन्यात कळलं. नवी बनवायला एक दुपार पुरली असती, पण गडी मुलखाचा संशयी. उद्या कोणी हत्यार पळवलंच तर त्याचं काम बिघडलं पाहिजे, म्हणून त्याने ती तशीच ठेवली आणि स्वतः प्रत्येक मापातून तेवढं मनातल्या मनात वजा करत राहिला. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. हाताखाली अठरा वर्षं काम केलेल्या मेहुण्याला, वैजनाथलाही नाही.

गावच्या महादेवाच्या देवळाला नवं दार करायचं ठरलं, तेव्हा श्रीमंतने वर्षभर खपून नमुना कोरला आणि देवस्थानच्या लोकांना दाखवून पसंत करून घेतला. मान मागे वळवून स्वतःच्याच पिसाऱ्याकडे बघणारा मोर. तुरा आणि चौकटीची कड यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट सोडलेली. आता दाराला हात घालायचा, तोच मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. महिनाभर सगळं वैजनाथच्या हवाली होतं, नमुना, तिपटी, पटाश्या, पेटीची किल्लीसुद्धा. श्रीमंतच्या डोळ्यात औषधाचे थेंबही तोच घालायचा.

डोळा बरा झाला आणि देवस्थानचे आप्पासाहेब घरी आले.

"श्रीमंता, तुझा मोर नगरला सावेडीत एका बंगल्याच्या दारावर हाय म्हंत्यात. देवाच्या दाराला नक्कल चालायची न्हाई. खरं काय ते सांग."

"माझा मोर तवापास्नं पेटीतच हाय," श्रीमंत म्हणाला.

नमुना आणि तिपटी पिशवीत घालून तो आप्पासाहेबांच्या गाडीतून नगरला गेला.

सावेडीत त्या बंगल्यापुढे दाराला पॉलिश मारत कोण उभं होतं, तर वैजनाथ. परवाच तो राहुरीला काम लागलंय म्हणून सांगून गेला होता. श्रीमंतला बघून त्याचा ब्रश जागीच थांबला. दारावर तोच मोर होता, मान मागे वळवून पिसाऱ्याकडे बघणारा. फक्त तुरा चौकटीला जाऊन थडकला होता आणि जागा पुरली नाही म्हणून ऐनवेळी वाकवला होता.

परक्याने चोरी केली असती, तर चार शिव्या हासडून श्रीमंत मोकळा झाला असता. पण ज्याच्या हाताने डोळ्यात औषध घालून घेतलं, त्यानेच केसाने गळा कापला होता, आणि तोही आपल्याला दिसत नव्हतं तेव्हा. त्याला रडूच यायला लागलं.

त्याने आखूड टोकं नमुन्यातल्या मोराच्या मानेला लावली, मग लांब टोकं दारावर धरली. माप तंतोतंत बसलं.

"आप्पासाहेब, ह्यो मोर माझ्याच तिपटीनं काढलाय. टेप लावून बघा. तिप्पट न्हाई, फुटामागं दोन सूत जास्त भरंल. तिचं भोकच चुकलेलं हाय, पहिल्यापास्नं. दुसऱ्या कुनाच्या हत्याराला ही खोड नसंल."

आप्पासाहेबांनी वैजनाथच्याच पेटीतला टेप काढून नमुना मापला, दार मापलं. श्रीमंत म्हणाला तसंच निघालं.

"देवळाचं दार तूच करनार," ते म्हणाले आणि वैजनाथकडे त्यांनी असं पाहिलं की दुसरा असता तर तिथून निघून गेला असता.

आता हा पाया पडेल, बहिणीची शपथ घालेल, असं श्रीमंतला वाटलं. काही झालं तरी माफ करायचं नाही हे त्याने ठरवूनच टाकलं होतं.

"पहिल्यापास्नं?" वैजनाथने विचारलं.

श्रीमंतने तिपटी मिटली.

"दाजी, ह्या तिपटीनं काढलेला माझा दर पक्षी चौकटीला थडकायचा. किती फळ्या मी चुलीत घातल्या. तुमी दर बारीला म्हनायचा, वैजा, तुझी नजर बसली न्हाई अजून." त्याने डोळ्यावरचा चष्मा काढला. "गेल्या साली ह्यो केला. डॉक्टर म्हनला डोळे चांगले हायेत, तरी मीच त्याच्या मागं लागून घेतला. मोर मी चोरला, कबूल हाय. सोताच्या नजरेनं कायच जमत न्हाई, म्हनून तुमचा चोरला."

चष्मा खिशात टाकून तो पुन्हा दाराला पॉलिश मारायला लागला. आप्पासाहेब आता श्रीमंतकडे बघत होते.

परतीच्या वाटेवर गाडीत तिपटी श्रीमंतच्या मांडीवर होती. घरी बायको, मनकर्णा, वाट बघत असणार. तुझ्या भावाने काय केलं, हे सांगायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. पण तिला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून ऐकायची सवय होती, आणि पहिल्यापासून सांगायचं तर त्या भोकापासून सुरू करावं लागणार होतं.