अबोल्यातला भोवरा

माझा नवरा आणि मी एकाच प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे भांडण झालं की अबोलाही तिथपर्यंत सोबत येतो. आज सकाळी चहा घेताना तो म्हणाला, "तुझा भोवरा तुलाच लखलाभ." मग मीही तोंडाला कुलूप लावलं.

भोवरा म्हणजे काय, तर आमच्याकडे एक अतिवाहक पट्टी आहे. गोठवली की तिच्यातून वीज विनाअडथळा वाहते. चुंबकत्व तिच्यात एखाद्या ठिकाणी घुसतं आणि वीज त्याच्याभोवती गरगरत राहते, तोच भोवरा. माझा भोवरा पट्टीच्या काठाजवळ बसला होता. भोवरा आणि काठ यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत वीज कशी दाटीवाटीनं पळते, त्याचं चित्र मिळालं तर माझा प्रबंध पुरा. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात, कारण पट्टी गोठवणारा हेलियम आज संपत होता आणि नवा कोणी देणार नव्हतं.

काठ भोवऱ्याला ओढून घेतो. एकदा बाहेर पडला की संपलं. म्हणून पट्टीतून थोडी वीज सोडून आधी त्याला जरा आत ढकलायचं ठरलं होतं. तारा उलट जोडल्या तर तो बाहेरच ढकलला जाणार. पट्टी यंत्रात पालथी बसते, त्यामुळे डाव्या-उजव्याचा घोळ ठरलेला. सकाळी पाहिलं, तर नवऱ्यानं तारा उलट जोडलेल्या. त्याला सांगायला माझं अडलंय खेटर. मी गुपचूप बदलल्या.

दुपारी त्यानं वीज सोडली. पडद्यावरचा भोवऱ्याचा ठिपका हलला, पण काठाकडे.

"बंद कर," मी म्हणाले. त्यानं आधीच केली होती. ठिपका काठाला जेमतेम धरून थांबला.

"तू तारा बदलल्यास का?" त्यानं विचारलं.

"सकाळी."

"मीपण. जेवणाच्या सुट्टीत. उलट जोडल्याचं तेव्हा लक्षात आलं."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं, रडायचंही होतं. पण आता भोवऱ्याला हात लावायची सोय नव्हती, जरासा धक्का लागला तरी तो बाहेर पडला असता. आहे तिथंच चित्र घ्यायचं, आणि आमच्या आवाजानंही चित्र टिपणारी यंत्राची सुई थरथरते. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

पडद्यावर चित्राची एकेक ओळ उमटत गेली. प्रत्येक ओळीला वाटायचं, गेला आता. त्यानं माझा हात घट्ट धरला होता. शेवटी ती चिंचोळी जागा दिसली, विजेच्या बाणांनी खच्चून भरलेली. भोवरा तिथंच होता.

सुई थांबली. आता बोलायला हरकत नव्हती.

"आपला," तो म्हणाला.

"काय?"

"भोवरा. सकाळी तुझा म्हणालो होतो."