रेघेवरचं घर

तिने फोन कानापासून हातभर लांब धरला, तरी म्हाताऱ्याचा आवाज पोचतच होता.

“अकरा दिवस झाले बाई! नर्स येणार, येणार. माझ्या बायकोच्या पाठीवरची जखम तुमच्या कॉम्प्युटरसाठी थांबणार आहे का?”

“आजोबा, बघते मी.”

“काल पण बघतच होतात.”

पलीकडे रिसीव्हर आपटला.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे नर्स पाठवणारं ते ऑफिस, आणि कोणी कुठे जायचं हे ठरवणारा प्रोग्राम तिचा. शहराचे एकोणीस भाग, दर भागाला एक नर्स. प्रोग्राम नकाशावरचा एकेका घराचा ठिपका उचलतो आणि प्रत्येक भागाला विचारतो, हे तुझ्या आत आहे का? जो हो म्हणेल त्याच्या यादीत ते घर. इतकं सोपं, की.

की सकाळपासून तिने तीनदा कोड वाचला होता आणि तिन्ही वेळा तो निर्दोष निघाला होता.

घर होतं. पत्ता बरोबर. नकाशावर ठिपकाही होता. सात नंबरचा भाग म्हणे, माझ्यात नाही. आठ नंबरचा म्हणे, माझ्यात नाही. सासर-माहेर दोघांनीही दार लावून घ्यावं, तसं.

“काका, तुमची हद्द चुकलीय.”

शेजारच्या टेबलावरचे नकाशेकाका पंचवीस वर्षं हद्दीच आखत आले होते.

“एक वेळ माझी जन्मतारीख चुकेल. रेघ रस्त्याच्या बरोब्बर मधोमध आहे. तुझं घर रस्त्यात उभं राहून काय करतंय, ते विचार त्याला.”

तिने नकाशा मोठा केला. आणखी. आणखी. आजूबाजूची घरं पडद्याबाहेर गेली, रस्ता गेला, उरली नुसती रेघ. आणि ठिपका तिच्यावर. केसभरही इकडे नाही की तिकडे नाही.

गेल्या महिन्यात.

ठिपके वेडेवाकडे दिसतात म्हणून. नकाशा नीटनेटका दिसावा म्हणून. रस्त्यालगतचा प्रत्येक ठिपका रस्त्याच्या मध्यावर ओढून घेणारी कोडची एकच ओळ. तिनेच लिहिलेली. साहेबांनी शाबासकी दिलेली.

काकांची रेघही तिथूनच जाणारी. आणि जे रेघेवर, ते प्रोग्रामच्या लेखी कोणाच्याच आत नाही.

अशी घरं निघाली सदतीस. छत्तीस जणांनी एक फोनही केला नव्हता. हे जास्त लागलं तिला.

ठिपक्यांच्या मूळ जागा पुसून गेल्या होत्या. मग तिने प्रश्नच बदलला : आत आहे, किंवा रेघेवर आहे? यादी धाडली, डोळे चोळले, घरी गेली.

तिसऱ्या दिवशी साहेब दारातच.

“सदतीस घरी दोन-दोन नर्स! आधी कुत्रं फिरकत नव्हतं, आता वरात निघाली. दुपारच्या आत निस्तरा.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दात-ओठ खात ती एकेक घर तपासून कुठल्या तरी एकाच भागात ढकलत बसली. शेवटचं घर राहिलं आणि फोन वाजला.

“बाई, काल दोघी आल्या.”

“हो आजोबा, चूक झाली. आत्ताच दुरुस्त करतेय. उद्यापासून एकच येईल.”

ती रिसीव्हर आपटण्याची वाट बघत राहिली.

“आमची ही अंगाने भारी आहे,” म्हातारा म्हणाला. इतक्या हळू तो कधीच बोलला नव्हता. “एकीने कुशीवर धरून ठेवलं, दुसरीने पाठ धुतली. मला धरवत नाही हो, हात कापतात. मधेच सुटते, ओरडते. काल ओरडली नाही.”

“आजोबा...”

“नाही, तुम्ही तुमचं काम करा.”

पण फोन त्याने ठेवला नाही.

साहेब मागे येऊन उभे राहिले.

“झाली सदतीस?”

तिने रिसीव्हरवर तळहात दाबला.

“छत्तीस झाली.”

“आणि राहिलेलं?”

“ते घर दोन्ही भागांत येतं, साहेब.”

“एक घर दोन भागांत? काका, असं असतं का हो?”

नकाशेकाकांनी चष्मा काढला. तिच्या हाताखालच्या रिसीव्हरकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलंच नाही.

“असतं एखादं,” ते म्हणाले, आणि चष्म्याची काच शर्टाला पुसत बसले.