सहाव्या मणक्याचं चौथं भोक

शरीररचनेच्या परीक्षेत मी एकदा आपटलो होतो. पुन्हा आपटलो तर नागपूरची डॉक्टरी सोडून कोहमाऱ्याला धान रोवायला यायचं, असं बाबांनी बजावलं होतं. म्हणून १९३६ च्या दिवाळीच्या सुटीत मी वैद्यकीय शाळेतून मानेचे सात मणके सही करून घरी आणले.

मुर्द्याची हाडं म्हणून आईनं ती घरात घेऊ दिली नाहीत. गावचे सुतार दुधरामकाका तेवढे बिचकले नाहीत. मणके ओळीनं ओवून ठेवायला सागाचा दांडा करून देतो म्हणाले आणि त्यांनी दोन दिवस ते आपल्याकडे ठेवून घेतले.

परत मिळाले तेव्हा मी ओसरीवरच पुस्तक उघडून भोकं मोजायला बसलो. मध्ये एक मोठं, आणि दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीसाठी एकेक, अशी तीन. सहाव्या मणक्याला चार निघाली. उजवीकडच्या भोकामागं तांदळाच्या दाण्याएवढं आणखी एक होतं. माझं डोकं फिरलं. तडक काकांच्या अंगणात गेलो.

"काका, शाळेच्या हाडाले भोक काऊन पाडलं?"

"मी कायले पाडू?" काका रंधा मारता मारता म्हणाले.

"मंग का आपोआप पडलं?"

त्यांनी रंधा बाजूला ठेवला आणि मणका उन्हात धरला. "मी पाडलं असतं त काठ खरबरीत लागला असता, टेकचंद. आत भोक पाडायच्या सामत्याचे वेढे दिसले असते. बोट फिरवून पाह्य, किती गुळगुळीत हाये. हे कोरलं नाई, हाडासंगंच वाढलं हाये."

"पुस्तकात तीनच लिवले हायेत."

"पुस्तकवाल्यानं हा माणूस पाह्यला नसंल."

ते चिडले नाहीत याचाच मला जास्त राग आला. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस मला शरीररचना शिकवत होता. ओसरीवर परत येऊन मी लाखेचा खडा दिव्यावर वितळवला आणि ते भोक बुजवून टाकलं. वरून राख चोळली. हाड अगदी पुस्तकातल्यासारखं दिसू लागलं.

सुटी संपल्यावर मणके शाळेत परत केले, आणि परीक्षेत परीक्षकांनी नेमका तोच मणका उचलला. उलटासुलटा केला, नखानं खरवडला.

"हा मी मुद्दाम संचात ठेवलाय, पोरं पुस्तक पाहतात की हाड, ते कळायला. याचं चौथं भोक कुठं गेलं?"

आता रोवणीच, असं म्हणत मी सगळं सांगून टाकलं.

"बरं. ते भोक कुणी पाडलेलं नव्हतं, हे कशावरून ओळखशील?"

पुस्तकातलं एक अक्षर आठवेना. आठवलं ते काकांचं बोलणं. काठ गुळगुळीत होता, हत्याराचे वेढे नव्हते, ते हाडाबरोबरच वाढलेलं होतं, असं मी सांगितलं.

"कुणी शिकवलं?"

"गावच्या सुतारानं, सर."

ते पोट धरून हसले. मला पास केलं, आणि लाख सुईनं कोरून काढायला संध्याकाळपर्यंत बसवलं.

गावात मोटारीतून उतरलो तो घरी न जाता काकांकडे गेलो. मला मनापासून लाज वाटत होती. तुमच्या उत्तरावर पास झालो, तुमच्यावर उगाच आळ घेतला, आणि वर लाखेचा उद्योग केला, सगळं कबूल केलं.

काकांनी अंगावरचा भुसा झटकला.

"आळाचं जाऊ दे," ते म्हणाले. "पण लाख भरायची होती त माह्याकडं काऊन नाई आला? मास्तरच्या बापाले सापडली नसती."