तिसरा पट्टा

तिने हीट गनचं तोंड पेडलपासून चार बोटं लांब धरलं आणि काळी लाख मऊ व्हायची वाट बघू लागली. समोरच्या स्टुलावर काका बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. शस्त्रक्रिया दुसऱ्याची असली तरी धाप त्यांना लागली होती.

"जपून," ते म्हणाले.

"काका, हे तुम्ही आठव्यांदा सांगताय."

"मग नवव्यांदा सांगायला लावू नकोस."

पेडल म्हणजे दोन मुठींएवढी पत्र्याची पेटी. गिटारची वायर एका अंगाने आत जायची, दुसऱ्या अंगाने स्पीकरकडे निघायची आणि मधलं बटण पायाने दाबलं की सूर फाटायचा. तिच्या बाबांनी ती चाळीस वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर बसून धाकट्या भावासाठी बनवली होती. काकांच्या बँडला जे काही नाव मिळालं, त्यातलं निम्मं त्या फाटक्या सुरामुळे होतं. उरलेलं निम्मं ड्रमवाल्याच्या केसांमुळे, पण ते केस आता राहिले नव्हते.

दोन आठवड्यांपूर्वी पेटी मुकी झाली. नेमकी आत्ता. बँड पहिल्यांदा जिथे वाजला तो हॉल पाडणार होते आणि शनिवारी जुनी मंडळी तिथे शेवटचं वाजवणार होती. काकांची बोटं सांध्यांत आखडली होती. शनिवारनंतर आपण गिटार हातात घेऊ असं त्यांना स्वतःलाच वाटत नव्हतं, त्यामुळे सगळा जीव त्या पेटीत अडकला होता.

आधी तिने सोपा मार्ग धरला. बाबांच्या वहीत पेटीचा नकाशा होता, प्रत्येक भागाचा आकडा बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेला. त्यावरून तिने एका दुपारीच नवीन पेडल जोडलं. दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाईला हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ. काकांनी दोन सूर वाजवले आणि बटण बंद केलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "फार शहाणं आहे. आपलं शहाणं नव्हतं."

मग जुनी पेटी उघडण्यावाचून इलाज उरला नाही. आत सगळे भाग जोडलेल्या पाटीवर बाबांनी वरून खालून काळी लाख ओतली होती आणि भावाला बजावलं होतं की हिला कुणी हात लावायचा नाही. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती, पण थोरल्या भावाचं काकांनी जन्मात एवढं एकच ऐकलं होतं, त्यामुळे ते मोडायला त्यांना चार दिवस लागले.

लाख चिवट गुळासारखी सुटायला लागली. चिमट्याने तिचे तुकडे काढता काढता आतले भाग एकेक करून वर आले. मुकेपणाचं कारण लगेच सापडलं. एक कपॅसिटर वाळून फुगला होता. तसाच दुसरा तिच्या खणात होता. पण वहीप्रमाणे जोडलेलं पेडल शहाणं का निघालं, याचं उत्तर त्यातून मिळत नव्हतं आणि उत्तर न घेता पेटी बंद करणं तिला जमलं नसतं. ती प्रत्येक रेझिस्टरवरचे, त्याचा आकडा सांगणारे रंगीत पट्टे वाचू लागली, काका वहीत खुणा करू लागले.

"पिवळा, जांभळा, तपकिरी."

"चारशे सत्तर. बरोबर."

"तपकिरी, काळा, पिवळा."

"एक लाख. बरोबर."

रंग मोठ्याने म्हणता म्हणता तिला आपलाच लहानपणचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. ती पाच वर्षांची होती. बाबा तिला टेबलाच्या कडेवर बसवायचे, रेझिस्टर दिव्याखाली धरायचे आणि विचारायचे, "इन्स्पेक्टरसाहेब, हा कुठला रंग?" इन्स्पेक्टरसाहेब पाय हलवत, मोठ्या रुबाबात निकाल द्यायच्या. वर्षभर हा खेळ चालला. मग घरात काट्याचा मीटर आला, रंग न वाचता रेझिस्टर मोजणारा. तरीही ती सवयीने टेबलावर चढून बसली, तेव्हा बाबांनी तिला उचलून खाली ठेवलं. "आता लागत नाही, बाळ," ते म्हणाले होते. रागाने नाही, सहजच. पण तिला ते फार लागलं होतं. आपण कशात कमी पडलो, हे तिला कधी विचारता आलं नाही. पुढे ती हेच काम शिकली आणि बाबांनी तिच्या कामाचं कौतुकही केलं, तरी ते वाक्य कुठेतरी रुतूनच राहिलं.

"तपकिरी, काळा, नारिंगी."

काकांची पेन्सिल थांबली. "लाल म्हण. वहीत एक हजार आहे."

तिने भिंग डोळ्याला लावलं. तिसरा पट्टा शून्यं सांगतो. लाल असेल तर दोन, नारिंगी असेल तर तीन. "नारिंगीच आहे. दहा हजार झाले, म्हणजे दहापट. या ट्रान्झिस्टरला पोटभर वीज मिळतच नव्हती, काका. उपाशीपोटी ओरडत होता तो. तोच तुमचा सूर."

काका हसायला लागले. "म्हणजे दादाची चूक! तरीच. त्याला बिचाऱ्याला रंग कुठे दिसायचे."

"म्हणजे?"

"तुला माहीत नाही? लाल, नारिंगी, हिरवा, सगळं त्याला एकाच माळेचं. सिग्नलला गाडी थांबवून मला विचारायचा, सुटला का रे. कारखान्यात वायरिंगचं काम, तिथे कळलं तर घरी बसवतील म्हणून कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. तुझ्या आईलासुद्धा लग्नानंतर वर्षभराने कळलं."

तिने चिमटा खाली ठेवला. म्हणजे तो खेळ नव्हताच. बाबांना डोळे हवे होते आणि घरात मिळाले ते पाच वर्षांचे. तिच्या खडूंच्या डबीत आठ खडू होते. ते तिला अजून एकेक करून आठवत होते. त्यांत नारिंगी नव्हता.

"चूक त्यांची नाही, काका," ती म्हणाली. "नारिंगीला मी लालच म्हणायचे. तेवढेच रंग यायचे मला." आणि चिमटा पुन्हा उचलत, "मीटर आल्यावर त्यांना कळलं असणार. म्हणून मला खाली उतरवलं."

"काहीतरीच काय," काका म्हणाले. "पण मीटर आल्यावर त्याने कुणाला सोडलं नाही, हे खरं. रेडिओ, दारावरची घंटा, शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर. सगळं उघडून मोजलं आणि चूक दिसली की बदललं. ही पेटीही दोन दिवस नेली होती. परत दिली ती लाख भरून. मला वाटलं, कुणी नक्कल करू नये म्हणून."

"तेव्हा मोजली असती तर हा बदलला नसता का?"

"मग हा एक नजरेतून सुटला असेल."

जुन्या पट्ट्यांच्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही, मोजून खात्री करायला हवी होती. जोडलेला रेझिस्टर तसाच मोजला तर शेजारचे भागही मोजात येतात, म्हणून आधी त्याचा एक पाय सोडवावा लागतो. तिने पाटी उलटी केली, खालची लाखही मऊ करून काढली, सोल्डरिंग गन उचलली आणि हात तसाच थांबला.

जोडावरचा बाबांचा सोल्डरचा थेंब मोहरीएवढा असायचा, कमी ना जास्त. इथे मात्र प्रत्येक रेझिस्टरच्या एका पायावरचा थेंब मोहरीएवढा होता आणि दुसऱ्यावरचा फुगीर, जुन्या सोल्डरवर नवं चढलेला. प्रत्येकाचा एक पाय कुणीतरी सोडवला होता, मोजला होता आणि पुन्हा बसवला होता. एकही सुटला नव्हता. तिसरा पट्टा नारिंगी असलेलाही नाही.

तिने भिंग त्या फुगीर थेंबाजवळ नेलं.

"काय गं?" काकांनी विचारलं.

तिने भिंग त्यांच्या हातात दिलं आणि दोन्ही पाय बोटाने दाखवले. एका पायाकडून दुसऱ्याकडे काकांची नजर दोनदा फिरली. मग त्यांनी भिंग ठेवलं आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले.

तिने नवा कपॅसिटर बसवला. बाकी कशाला हात लावला नाही. काकांनी गिटार मांडीवर घेतली, आखडलेलं बोट तारेवर दाबलं आणि पायाने बटण दाबलं. सूर निघाला आणि मधेच फाटला, घसा बसलेल्या माणसाने लांबून हाक मारावी तसा. काकांनी तो पूर्ण विरेपर्यंत बोट हलवलं नाही.

"वहीत काय करू?" मग त्यांनी विचारलं. "दहा हजार लिहू?"

"नको. बाबांनीही लिहिले नाहीत."

तिने लाखेचे तुकडे गोळा करून पातेलीत टाकले आणि खाली आच लावली. वास येईल म्हणून काकांना खिडकी उघडायला सांगितलं. लाख पातळ झाल्यावर तिने पाटी टेबलाच्या कडेवर घेतली आणि पहिला थेंब तपकिरी, काळ्या, नारिंगी पट्ट्यांवर सोडला.