मागची खोली धरून की सोडून?

हीट पंप म्हटलं की तिला आताशा मळमळायलाच लागायचं. खरं तर दातांच्या दवाखान्यात काम करणारी बाई ती. दिवसभर समोर लोकांचे वासलेले जबडे, किडक्या दाढा, सुजलेल्या हिरड्या. कशाकशाची म्हणून किळस उरली नव्हती तिला. तिथंच कोपऱ्यात डबा उघडून चवीनं जेवायची. पण घरी आली की नवरा दारातच सुरू, "अगं ऐक, आज आणखी एक मॉडेल बघितलं," आणि हिची भूक मेलीच म्हणून समजा.

सुरुवात चांगली झाली होती, हे मात्र कबूल करायला हवं. गेल्या हिवाळ्यात सासूबाईंच्या छातीत कफ धरला तो थंडी सरली तरी सुटेना. डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या. मागच्या खोलीत होत्या तेवढा वेळ त्यांनी अंगातला कोट काही काढला नाही. "ही खोली गरम करा," जाताना म्हणाल्या, "नाहीतर पुढचा हिवाळा यांना जड जाईल." जड जाईल म्हणजे काय, ते कुणाला विचारावं लागलं नाही. ती खोली घराला नंतर जोडलेली, तीन बाजूंनी वाऱ्याला उघडी. तेलावरच्या जुन्या बॉयलरची ऊब तिथवर पोचेपर्यंत संपलेली असायची. नवऱ्यानं त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "बॉयलर काढून टाकू, हीट पंप बसवू. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून आत आणतं ते यंत्र. आईची खोली कशी मस्त करून टाकतो बघ!" त्या दिवशी तिचा ऊर भरून आला होता. आता ते आठवलं की तिला स्वतःचीच कीव येते.

कारण त्यानंतर हा जो पेटला, तो पेटलाच. जेवताना हीट पंप, अंघोळीला जाताना हीट पंप, झोपेत कूस बदलताना हीट पंप. ओळखीपाळखीच्या लोकांच्या अंगणात जाऊन तो त्यांच्या यंत्रांना कान लावून उभा राहायचा. एका बाईनं तर खिडकी उघडून विचारलं, "काही हरवलंय का तुमचं?" हरवलं होतंच म्हणा, पण त्याला कुठं कळत होतं! तिनं त्याचं नाव ठेवलं संशोधक. त्याला वाटलं कौतुक आहे. हसला.

आणि मग त्याला तो आकडा भेटला. साडेचार. म्हणजे एक भाग वीज घातली की साडेचार भाग उष्णता मिळते, म्हणे. ऑफिसातल्या कुणाचं यंत्र चार देत होतं, कुणाचं पावणेचार. याला साडेचार हवे होते. लहान मुलाला फुगा हवा असतो ना, तसे हवे होते. आईची खोली, आईची छाती, डॉक्टरीणबाईंचं बोलणं, सगळं राहिलं बाजूला. सासूबाई मागं दोन स्वेटर घालून खोकत बसायच्या आणि हा पुढं दिवाणखान्यात आकडे जुळवायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

शेवटी हिवाळ्याच्या तोंडावर एका शनिवारी कंपनीचा माणूस मापं घ्यायला आला. आला तो बुटांसकट गालिच्यावर. अंगाला अत्तराचा असा भपकारा की डोळे चुरचुरावेत. चहात बिस्किट बुडवून तो तोंड भरलेलं असतानाच बोलायचा, आणि ओला भुगा टेबलावर पडला की हातानं सारवायचा. "आजी, मजा आहे बुवा तुमची," तो सासूबाईंना म्हणाला. सासूबाई कोपऱ्यात मटार सोलत बसल्या होत्या. त्या कसनुसं हसल्या.

खोल्या मोजून झाल्यावर त्यानं विचारलं, "साहेब, मागची खोली धरून की सोडून? ती खोली भारी ऊब खाते. धरली तर आठ किलोवॅटचं यंत्र लागेल आणि आकडा चारच्या आत येईल. सोडली तर पाचचं पुरतं. मग तुमचे साडेचार कुठं गेले नाहीत."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला वाटलं, यात विचारायचं काय? त्या खोलीसाठीच तर हा सगळा खटाटोप.

नवऱ्यानं हनुवटी खाजवली. "सोडून धरा," तो म्हणाला. मग आवाज मधाळ करून, "आई, तुला प्लगचा छोटा हीटर आणू हं. पायाशी ठेवला की झालं, एकदम मस्त." आणि मग कंपनीच्या माणसाकडे झुकून, हळूच, म्हणजे त्याच्या मते हळूच, "यंत्र वीस वर्षं चालणार. ती खोली काय वीस वर्षं वापरात राहणार आहे?"

कंपनीच्या माणसानं समजूतदारपणे मान हलवली आणि आणखी एक बिस्किट बुडवलं.

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्या म्हणाल्या, "हो रे बाबा, मला कशाला एवढं? घालते की मी दोन स्वेटर."

शी! शी! शी! तिनं दाराची चौकट धरली. ओरडावं, कपबशी फेकावी, त्या आकड्याच्या नावानं शंख करावा, असं सगळं मनात येऊन गेलं. पण ती गोड आवाजात म्हणाली, "बरोबर आहे. पाचचंच घे. एवढा चांगला आकडा येतोय, कशाला बिघडवायचा?"

नवरा खूश. "बघा, हिलासुद्धा पटलं!"

"फक्त एक कर," ती म्हणाली. "आजपासून आई इकडे आपल्या खोलीत झोपतील. मागच्या खोलीत आपण दोघं. तुझं टेबलही तिकडेच लावू. प्लगचा हीटर आहेच की पायाशी. एकदम मस्त."

तो हसला. तिच्याकडे बघितल्यावर त्याचं हसू विरलं. "मापं एकदा बघून येतो," म्हणून मागं गेला आणि चहा निवायच्या आत गारठलेले हात चोळत परतला.

"नाही, कसंय," तो घसा खाकरत म्हणाला, "मला वाटतं आठचंच घ्यावं. लहान यंत्रावर कडाक्याच्या थंडीत ताण येतो. शिवाय ती खोली अशी टाकून कशी चालेल? पुढच्या वीस वर्षांचा विचार करायला हवा ना."

"मी तेच म्हणणार होतो, साहेब," कंपनीचा माणूस म्हणाला आणि टेबल सारवून उठला.

झालं. ती जिंकली होती. म्हातारीची खोली गरम होणार होती, हिवाळा निभणार होता. नाचावं अशीच गोष्ट, पण तिला नवऱ्याकडे बघवेना. मोठं यंत्र त्याला झेपत नव्हतं असं नाही, कळत नव्हतं असंही नाही. थंडी आईच्या पाठीला होती तोवर ती थंडीच नव्हती, एवढंच. अकरा वर्षं आपण या माणसाच्या पांघरुणात झोपतोय, असं तिच्या मनात आलं आणि अंगावर पाल पडावी तशी ती शहारली.

ती कपबश्या विसळत असताना सासूबाई सोललेल्या मटारांचं भांडं घेऊन आत आल्या. डोळे भरलेले, चेहरा नुसता फुललेला. "पाहिलंस ना?" त्या कुजबुजल्या. "आईसाठी मोठं यंत्र घेतलं माझ्या लेकानं! बोलतो तसा फटकळ, पण आतून जीव तुटतो गं त्याचा. तू आपली उगाच रागवत असतेस त्याच्यावर."

तिनं तोंड उघडलं. खरं काय ते अगदी जिभेवर आलं होतं. पण म्हातारी तिच्या तोंडाकडे अशी बघत होती, एकच शब्द मागत असल्यासारखी.

"हो आई," ती म्हणाली. "आहेच तुमचा मुलगा तसा."

आणि मागच्या दारानं बाहेर जाऊन ती पचकन थुंकली.