राखेची वाट

मी कचरागाडी बोलतेय. नाक मुरडू नका, तुमच्याच घरचं वाहते.

जन्मले कुठल्याशा कारखान्यात, म्हातारी झाले ती इथं, किर्गिझ डोंगरातल्या गावात. ओमुरबेक माझा ड्रायव्हर. बायकोपेक्षा माझ्याशीच जास्त बोलतो, बहुतेक शिव्याच.

हिवाळ्यात इथला निम्मा कचरा म्हणजे कोळशाची राख. आम्ही सगळं गावाबाहेरच्या कचऱ्याच्या खड्ड्याच्या तोंडाशीच ओतायचो, कारण आत चिखल. तोंड भरलं तसं नगरपालिकेनं ठरवून टाकलं, खड्डा संपला. आता कचरा घाटापलीकडच्या खड्ड्यात न्यायचा. डिझेलचा खर्च ऐकून नगराध्यक्ष मटकन खाली बसले. मला खर्चाचं काही नव्हतं. तो घाट माझ्याच्यानं चढवला नसता, एवढंच. म्हणजे मी भंगारात आणि ओमुरबेक घरी.

मग बर्मेत नावाची इंजिनीअर आली. गमबूट घालून खड्डाभर फिरली.

"खड्डा कुठं भरलाय? तोंड तेवढं भरलंय," ती म्हणाली. "राख वेगळी आणा, चिखलावर पसरून दाबा, रस्ता होईल. मग मागच्या कोपऱ्यापासून भरत या. बरीच वर्षं घाट चढायला नको."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ओमुरबेक सोडून.

"राखेवर मी पाय देत नाही."

"पाय कुठं द्यायचाय, बाइके? चाकं जातील." इथं वडीलधाऱ्याला बाइके म्हणतात, म्हणजे दादा.

"चाकं माझीच ना? राखेत 'त्यांची' वस्ती असते. तुडवली की तोंड वाकडं होतं, आजी सांगायची."

बर्मेत हसली नाही. तीही याच डोंगरातली. "मग घाट चढा," एवढंच म्हणाली.

ओमुरबेकनं माझ्याकडे पाहिलं. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

चिखलावर राख पसरून झाली त्या दिवशी त्याची बायको साइरा कढई घेऊन खड्ड्यावर आली. गेलेल्या माणसांना वास पोचावा म्हणून तळतात, तसे तिनं कणकेचे छोटे तुकडे, बोर्सोक, तळले. ओमुरबेकनं दुआ मागून तळवे तोंडावरून फिरवले आणि राखेला म्हणाला, "माफ करा, वाट द्या. नाइलाज आहे." मग बूट काढून शेजारच्या सीटवर ठेवले आणि मला राखेवर घातलं.

आता रोज जातो. त्याचं तोंड सरळ आहे. साइरा म्हणते, आधीच वाकडं होतं, कळणार कसं.

माझं एकच सांगणं: राख वेगळी ठेवा आणि विझवून टाका. माझा पत्रा आता पातळ झालाय, चटका बसतो.

परवा बर्मेत खड्ड्याचा नकाशा आखत होती. ओमुरबेकनं मागचा एक कोपरा मागून घेतला.

"ही थकली की इथं ठेवायची."

"वर काय घालू, बाइके? माती?"

"राख घाल. म्हणजे कुणी पाय देणार नाही."