चित्र आलं का?

"आता तुम्हीच सांगा, काकू. ह्यातला कुठला घरी न्यायचा?"

सेल्समनने दोन्ही हात पसरून भिंत दाखवली. भिंतभर टीव्ही लावलेले होते, लहान, मोठे, एकाखाली एक, आणि सगळ्यांवर एकच समुद्र हलत होता. निळंशार पाणी, त्यात माशांचा थवा आणि मधूनच संथपणे पोहत जाणारं एक कासव. आस्तेकाका तोंड उघडं टाकून बघत राहिले होते. घरातला जुना डबा टीव्ही गेल्या आठवड्यात फट् असा आवाज करून बंद पडला होता आणि दुरुस्तीवाल्याने त्याच्याकडे नुसतं बघून मान हलवली होती.

"सांग ना," काका बायकोला म्हणाले. "बघणार तूच. मी काय, बातम्या लागल्या की घोरायला लागतो."

काकू पिशवी सावरत दोन पावलं पुढे झाल्या. मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे केली, बाजारात भाजी निवडताना करायच्या तशी. मग एका टीव्हीच्या कडेवर त्यांनी बोट ठेवलं.

"हा घेऊ. ह्यातल्या गाड्या बघा कशा पळतायत. अगदी खऱ्या वाटतात."

सेल्समन क्षणभर गोंधळला आणि मग फस्सकन हसला. "अहो काकू, तो बंद आहे!"

तो खरंच बंद होता. त्याच्या काळ्या काचेत दुकानाचं दार उमटलं होतं, आणि दाराबाहेरच्या रस्त्यावरून येणारीजाणारी वाहनं.

"मग तर हाच बरा," काकू लगेच म्हणाल्या. "विजेचं बिल यायला नको."

सेल्समन पोट धरून हसला. काकाही हसले. पण हसता हसता त्यांची नजर बायकोच्या चेहऱ्यावर थांबली.

काका जन्मभर शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. गाडी कधी दामटली नाही. कंडक्टरने घाई केली की 'आस्ते, बाबा, आस्ते' म्हणायचे, म्हणून डेपोत सगळे त्यांना आस्ते म्हणत. निवृत्त झाल्यावर त्याचं आस्तेकाका झालं आणि ते त्यांना चिकटलं ते चिकटलंच. दरवर्षी त्यांची डोळ्यांची तपासणी व्हायची. अक्षरं वाचा, रंग ओळखा, डावा झाका, उजवा झाका. कोण बघतंय आणि कोण नुसतं डोळे उघडे ठेवून चालतंय हे रस्त्यावरच्या माणसाकडे पाहून त्यांना लांबून कळायचं. निदान त्यांचा तसा समज होता.

त्यांनी घसा साफ केला. "अगं, तो वरचा बघ. वाघ बघ केवढा दाखवलाय."

वर वाघ नव्हता. वाघ कुठेच नव्हता. सगळीकडे समुद्रच होता.

काकूंनी मान वर केली. "हो ना," त्या म्हणाल्या. "मेला अंगावरच येतोय."

एकदा उतारावर एक सायकलवाला काकांच्या बससमोर आडवा आला होता. त्यांनी ब्रेकवर सगळं अंग टाकलं होतं, आणि तरी गाडी घसरतच चालली होती. करण्यासारखं होतं ते करून झालं होतं, आता नुसतं बघायचं उरलं होतं. सायकलवाला वाचला. पण त्या वेळचा तो छातीतला गारठा आज इतक्या वर्षांनी, चकचकीत दुकानाच्या गार हवेत, त्यांना तसाच्या तसा भरला.

पुढे सेल्समन काय काय बोलला ते त्यांच्या कानात शिरलं नाही. वॉरंटी, पडद्याचा आकार, मागची वायरींची भोकं. त्यांनी मधल्या ओळीतला एक दाखवला आणि हा द्या म्हणाले. सोबत फुकट दिसणाऱ्या चॅनेलांची डिश घ्यायची हे घरूनच ठरलं होतं. गच्चीवरची छत्री आणि टीव्हीजवळचा डबा एकदाच घ्यायचा, मग दर महिन्याला कुणाच्या दारात जायला नको. केबलवाल्याशी भांडून भांडून काका थकले होते. "दुपारी माणूस येऊन बसवून देईल," सेल्समन म्हणाला.

दुकानाच्या पायऱ्या उतरताना काकूंनी नेहमीसारखं त्यांचं कोपर धरलं. काकूंनी कारखान्यातली नोकरी सोडली तेव्हापासून ही सवय लागली होती. आधी चारचौघांत शेजारून चालायलाही लाजणारी बाई, आता बाहेर पडली की कोपर सोडत नव्हती. म्हातारपणी का होईना, बायकोला आपला लळा लागला, म्हणून काका मनातून सुखावले होते. एकदा डेपोतल्या मित्रांना फुशारकीने सांगितलंही होतं.

घरी येईपर्यंत काकू बोलत होत्या. टीव्ही कुठे ठेवायचा, जुन्या टेबलाचं काय करायचं. बोलता बोलता त्यांचं पाऊल पदपथाच्या कडेशी क्षणभर थबकायचं, चाचपायचं आणि मग पुढे पडायचं. काका पहिल्यांदाच त्या पावलाकडे बघत होते.

दुपारी डिशवाला आला. त्यांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, खिडकीच्या बरोबर वर गच्ची. त्याने टीव्ही टेबलावर मांडला, वायर खिडकीतून वर नेली आणि काकांना हाक मारली.

"काका, तुम्ही वर या. दांडा धरायला माणूस लागतो. काकू राहतील टीव्हीसमोर. काकू, चित्र आलं की खिडकीतून ओरडायचं, काय?"

"ओरडते की," काकू म्हणाल्या.

काकांना नको म्हणायचं होतं. पण का नको, ते त्या परक्या माणसाला काय सांगणार? ते जिना चढून गेले. ऊन मी म्हणत होतं. त्यांनी लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि डिशवाला छत्री थोडी थोडी फिरवू लागला.

"आलं का?"

"नाही!" खालून आवाज आला.

"आता?"

"नाही आलं!"

छत्री आणखी जराशी वळली. खालून एकदम गाण्याची लकेर उठली.

"आलं, आलं!"

"स्वच्छ आहे का, काकू? की चौकोन चौकोन पडतायत?"

खाली गाणं चालूच राहिलं. मग काकूंचा आवाज आला, नेहमीपेक्षा थोडा वरच्या पट्टीतला. "छान आहे! अगदी छान!"

डिशवाल्याने पाना काढला. "थांब जरा," काका म्हणाले. "घट्ट करू नकोस. मी बघून येतो."

दार उघडंच होतं. टीव्हीवर एका गाणाऱ्या बाईचा चेहरा होता, पण त्याचे तुकडे तुकडे झाले होते. डोळा असायचा तिथे अर्धं तोंड, कपाळाच्या जागी हिरवे चौकोन. चित्र थिजलेलं आणि आवाज मात्र स्वच्छ, खणखणीत. त्याच्यासमोर काकू उभ्या होत्या, हात पुढे जुळवून, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या. चेहऱ्यावर हसू होतं.

काका दारातून आत आले. मग ते सरळ खिडकीशी गेले आणि ओरडले, "अजून फिरव! चौकोन पडतायत!"

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचं हसू सावकाश उतरत गेलं.

"डावीकडे… थोडं परत ये… बस! आता आलं!" काका खिडकीतून सांगत राहिले.

डिशवाल्याने खाली येऊन चॅनेलं लावून दिली, रिमोट समजावला, पाणी पिऊन तो गेला. काकांनी दार लावलं. टीव्हीवर आता ती बाई अखंड दिसत होती, दात, कानातलं, सगळं.

"वाघ नव्हता ना तिथे?" काकू म्हणाल्या.

काका खुर्चीत बसले. "नव्हता."

"मला वाटलंच. इतक्या वर्षांत तुम्ही मला काही 'बघ' म्हणून दाखवलं नाहीत. आज एकदम वाघ."

"कधीपासून?"

"कारखाना सोडला त्याच्या आधीपासून."

"तू तर गुडघ्यांमुळे सोडला म्हणाली होतीस."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय." काकू कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाला होत्या. हजारो शर्ट त्यांच्या हाताखालून गेले होते. "बटणं एक घर खाली लागायला लागली. सुपरवायझर बाई चांगली होती. बोलली काही नाही. ते शर्ट माझ्यासमोर ठेवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, पुरे."

"डॉक्टर?"

"दाखवलं. शेजारणीला घेऊन गेले होते. काचबिंदू आहे. डावा गेलाय. उजव्याने नळीतून बघितल्यासारखं दिसतं, तेही धुकट. गेलेलं परत येत नाही म्हणाले. आहे तेवढं थेंब घालून टिकवायचं."

"थेंब," काका म्हणाले. ते थेंब तेच आणत होते. औषधवाल्याला रिकामी बाटली दाखवायचे आणि नवी खिशात टाकून यायचे. तिचे डोळे चुरचुरतात एवढंच त्यांना माहीत होतं. बाटलीवर काय लिहिलंय ते त्यांनी कधी वाचलं नव्हतं. लांबवरच्या बसचा नंबर वाचणारे डोळे.

"अगं, मला सांगायचं नाही?" त्यांचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "मी ह्या घरात कोण आहे? भाडेकरू?"

काकूंनी हाताने चाचपत टेबलाची कड शोधली आणि तिच्यावर टेकल्या.

"माझ्या आईला दिसेनासं झालं होतं, ते ठाऊक आहे ना? त्या दिवसापासून तिला घरात कुणी काही करू दिलं नाही. बस तू, राहू दे, आम्ही करतो. सगळे चांगल्या मनानेच म्हणायचे. आधी हातातली सुरी काढून घेतली. मग शेगडीपाशी जाऊ देईनात. शेवटी तिला पाणीसुद्धा मागून प्यावं लागायचं. डोळे गेल्यावर पुष्कळ जगली हो ती. पण कोपऱ्यात ठेवलेल्या गाठोड्यासारखी." त्या थांबल्या. "मीही तिला राहू दे म्हणायचे."

टीव्हीवर गाणं संपून कसली तरी जाहिरात लागली. काकांनी रिमोटने आवाज बारीक केला.

"मी दिसतो का तुला?" त्यांनी विचारलं.

"उजेडाकडे तोंड करा."

त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. काकू जवळ आल्या, वाकल्या, मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे केली. आता काकांना कळलं, भाजी निवडताना ती मान तशी का हलायची.

"नाक दिसतंय," काकू म्हणाल्या. "नाक दिसलं की कान दिसत नाहीत. नाक मोठं आहे तुमचं म्हणून बरं."

काकांना हसू आलं नाही. त्यांनी डोळे पुसले, घाईघाईने, आणि मग लक्षात आलं की घाई करायची काही गरज नव्हती. ते लक्षात आलं तेव्हा त्यांना आणखीच भरून आलं.

काकांनी खुर्ची पुन्हा टेबलाकडे वळवली.

"पुढच्या वेळी डॉक्टरकडे मी येणार," काका म्हणाले.

"या की. तिथल्या बाकड्यावर घोरू नका म्हणजे झालं."

"आणि आजपासून तू ते गॅसपाशी…"

काकूंनी चेहरा त्यांच्याकडे वळवला.

"काय गॅसपाशी?"

काकांनी ओठ मिटले. वाक्य तोंडात होतं, पुरं तयार होतं. त्यांनी ते गिळलं.

"काही नाही," ते म्हणाले. "चहा टाकतेस का?"

काकू वळल्या. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत काका मागे गेले आणि उंबऱ्यापाशीच उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. काकूंनी पातेलं ठेवलं, आच कानाने ऐकून कमी केली. साखरेचा डबा डावीकडे, पत्तीचा उजवीकडे, हात चुकला नाही. चहा उकळला तसा त्याच्या वासाने काकूंची मान वर झाली. कप मांडून त्यांनी डाव्या हाताची तर्जनी कपाच्या आत वाकवली आणि उजव्या हाताने चहा ओतला. वाफाळता चहा वर चढत बोटाच्या टोकाला लागला, तशी धार थांबली. कपाबाहेर एक थेंब नाही. भाजलेलं बोट त्यांनी फडक्याला पुसलं.

हा चहा काका रोज पीत होते.

"घ्या," काकू म्हणाल्या आणि कप पुढे धरला. ते उभे होते त्याच्यापेक्षा हातभर डावीकडे.

काका आवाज न करता डावीकडे सरकले, आणि त्यांनी कप घेतला.